स्लिपवेच्या विंचचं वायरिंग: प्रकल्प नोंदी, एप्रिल-मे २०२५

२० एप्रिल, रविवार

जयगड खाडीच्या आतल्या अंगाचं एक खासगी यार्ड. बोटी उतारावरून वर ओढायच्या, तळ घासायचा, रंग-डांबर करायचं, पावसाळाभर शाकारून ठेवायच्या, एवढाच धंदा. उतारावर दोन रूळ थेट पाण्यात गेलेत, रुळांवर लोखंडी गाडा, गाड्याला वायररोप आणि वरच्या शेडमध्ये तो गुंडाळणारं मोटरचं यंत्र, म्हणजे विंच. मोटर साडेसात किलोवॅटची, म्हणजे दहा हॉर्सपॉवर, ४१५ व्होल्ट.

बोलावण्याचं कारण: गेल्या आठवड्यात छातीभर पाण्यात उभं राहून बोट गाड्यावर बसवताना एका खलाशाच्या हाताला "मुंग्या आल्या". त्याने वायररोप सोडला म्हणून वाचला. यार्डमालक अण्णांचं म्हणणं, "खाऱ्या पाण्यात करंट लागत नाय ओ, उगाच घाबरलाय तो." खलाशी बाजूलाच उभा होता. काही बोलला नाही, फक्त पंजा उघडून मिटून दाखवला.

गाडा ओहोटीला कोरड्यावर होता. विंच चालू करून गाडा ते ओला चिखल मोजलं: ८८ व्होल्ट. डिजिटल मीटर असं कुठेही भुताचं व्होल्टेज दाखवतं, म्हणून मीटरला समांतर एक किलोओहमचा रेझिस्टर लावला. ओल्या माणसाचं अंग साधारण तेवढंच धरतात. आकडा १९ वर आला. म्हणजे १९ मिलिअँपिअर. दहाच्या वर गेलं की स्नायू आखडतात आणि मूठ सुटत नाही. पोरगा नशिबाने सुटला.

अण्णांना सांगितलं, काम होईपर्यंत विंच बंद. ते म्हणाले, एक जूनपासून मासेमारी बंदी, त्याआधी चोवीस बोटी वर घ्यायच्यात. महिनाभर आहे आपल्याकडे. तोवर हातकप्पी.

२१ एप्रिल

दिवसभर उकराउकर. सापडलं ते असं:

ऑफिसपासून विंचपर्यंत ८५ मीटर केबल, ४ चौरस मिमी अ‍ॅल्युमिनियम. मधे जांभ्याच्या चरात एक जोड, वर काळी टेप, त्यावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला सुतळी. पिशवी सोडली तर आत पाणी. अर्थची कोर त्या जोडापाशी कुजून तुटलेली. जोडातून फेज गळत होता आणि मोटरचं अंग अर्थशिवाय लटकत होतं, म्हणजे मोटर ते विंच, विंच ते वायररोप, वायररोप ते गाडा आणि गाड्यापाशी माणसं. मोटरचा दोष असेल असं आधी वाटलं होतं, पण मोटर त्यातल्या त्यात बरी निघाली.

ऑफिसात ६३ अँपिअरचा एमसीबी (त्याहून जास्त करंटला पडणारा स्विच). आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच, नाही. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी जोराच्या स्टार जोडणीत, मग पूर्ण जोराच्या डेल्टात नेणारा), त्यातला ओव्हरलोड रिले, म्हणजे मोटर जास्त ओढायला लागली की ती बंद करणारा, तांब्याच्या तारेने बगल देऊन टाकलेला. का, ते विचारलं तर "सारखा पडायचा". पडणारच. स्टारमध्ये मोटरचा सुरुवातीचा जोर एक तृतीयांश होतो. पंख्याला, पंपाला ते चालतं, विंचवर मात्र पहिल्या क्षणापासून अख्खी बोट लटकलेली असते. मोटर स्टारमध्ये जागच्या जागी कण्हते, मग डेल्टात जाताना हिसका. रिलेची चूक काहीच नव्हती.

अर्थ टेस्टरने ऑफिसामागची अर्थिंग मोजली: ४६ ओहम. एप्रिलचा जांभा, वाळून खडखडीत. इथे अण्णांशी अर्धा तास गेला, पण सगळ्या कामाचं मर्म तेच आहे म्हणून लिहून ठेवतो. महावितरणच्या खांबावरून आपल्याकडे तीन फेज आणि न्यूट्रल येतो, अर्थ आपली आपण करायची. उद्या फेज मोटरच्या बॉडीला पूर्ण चिकटला तर करंट आपल्या रॉडमधून जमिनीत आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगकडे जाणार. पलीकडची अर्थिंग शून्य ओहम धरली तरी २३० भागिले ४६, म्हणजे पाच अँपिअर. ६३ चा एमसीबी पाच अँपिअरवर जन्मात पडत नाही. बॉडी तशीच जिवंत राहणार, हिरवी वायर जोडलेली असूनही. "अर्थिंग केलंय ना" या वाक्यावर किती शेड उभ्या आहेत देव जाणे.

आरसीसीबीला मात्र ४६ ओहमही चालतात. हिशोब सोपा: अर्थचा रेझिस्टन्स गुणिले ट्रिप करंट ५० व्होल्टच्या आत हवा. ३० मिलिअँपिअरला १६०० ओहमपर्यंत मुभा मिळते. अण्णा म्हणाले, "मग रॉड कशाला खर्च करायचा?" प्रश्न चांगला होता. आरसीसीबी हे यंत्र आहे, खारी हवा त्यालाही खाते, म्हणून दोन्ही.

२२ एप्रिल

नाखवा (सत्तरीचे, सगळ्या यार्डचे चाचा) बाकावर बसून ऐकत होते. खाऱ्या पाण्याचा विषय त्यांनीच परत काढला. अण्णांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे हे त्यांना सांगितलं. समुद्राचं पाणी माणसाच्या अंगापेक्षा कितीतरी चांगलं वाहक, त्यामुळे करंट माणसाला वळसा घालून पाण्यातून निघून जातो. गोड्या पाण्यात उलटं होतं, पाण्यापेक्षा माणूस सोपी वाट. अमेरिकेत तळ्यांवरच्या धक्क्यांपाशी पोहणारे असेच आखडून बुडतात, अंगावर भाजल्याची खूणही राहत नाही.

चाचा म्हणाले, "आणि आषाढात ही खाडी कुठं खारी असते? शास्त्रीला पूर आला की आम्ही इथलं पाणी गुरांना पाजलंय."

हे माझ्या डोक्यात नव्हतं. बंदीत विंच थांबते असंही नाही, दुरुस्त झालेल्या बोटी जुलैअखेर खाली सोडायला लागतात, नेमक्या त्याच पाण्यात. वहीत लाल पेनने लिहिलं.

त्यांची दुसरी तक्रार: या धक्क्याला लागलेल्या बोटींच्या सुकाणूवरचं जस्त (बाकीच्या धातूऐवजी झिजायला लावतात ते) लवकर झिजतं. गळका करंट हे एक कारण असू शकतं. नक्की सांगता येणार नाही म्हटलं, काम झाल्यावर पुढच्या हंगामात बघू.

२९ एप्रिल

परवा अमावास्या झाली, उधाणाची भरती आज-काल. दुपारच्या भरतीला पाणी कुठवर येतं त्याची रेघ मारली. चाचांनी रेघ बघून मान हलवली आणि वरची तिसरी पायरी दाखवली: पावसाळ्यातलं उधाण, वर नदीचा लोंढा आणि पश्चिमेचा वारा एकत्र आला की पाणी तिथे. पायरीच्या पोटाला कालवांची खरवड आणि त्याच्या वर काळा पट्टा दिसतो, म्हणजे हवेतलं बोलत नाहीत. तीच पातळी शून्य धरली.

नळीलेव्हलने तिथून विंचच्या शेडपर्यंत आलो. मोटरचे पाय त्या पायरीपासून फक्त ३८० मिमी वर.

किती वर हवेत? अमेरिकेच्या विजेच्या कोडमध्ये कलम ५५५ खास धक्के-मरीनांचं आहे. त्यात भरती-ओहोटीच्या जागी किनाऱ्यावर सर्वांत उंच भरतीच्या वर ६०६ मिमी, म्हणजे दोन फूट, अशी एक पातळी आखून देतात आणि विजेचं सामान तिच्या वर ठेवतात. आंतरराष्ट्रीय विद्युत मानक आयईसी ६०३६४ मध्येही भाग ७०९ मरीनांचा आहे: सॉकेट सर्वांत वरच्या पाण्यापासून निदान एक मीटर उंच, प्रत्येक सॉकेटला स्वतःचा ३० मिलिअँपिअर आरसीडी (आरसीसीबी त्यातलाच), आणि धक्क्यावर अ‍ॅल्युमिनियमची केबल नको. आपलं भारतीय मानक आयएस ७३२ (२०१९) आयईसीच्याच वळणावर बेतलेलं असल्याने दोन्हीतलं कडक ते घ्यायचं ठरवलं. इथे कोणी तपासायला येणार नाही, हे अण्णांनाही ठाऊक आहे आणि मलाही.

एक मीटर सॉकेटला, मोटरला ६०६ मिमी; तर चौथरा २५० मिमी उचलायचा. मोटर, गिअरबॉक्स, ड्रम सगळं एकत्र. वायररोपची दिशा बिघडेल म्हणून पुढे एक कप्पी जास्त. गवंड्याला आठ दिवस.

३ मे

रत्नागिरीत खरेदी. १० चौरस मिमी, चार कोर, तांब्याची, एक्सएलपीई आर्मर्ड, आयएस ७०९८ ची. दहा का, तर डायरेक्ट स्टार्टला मोटर ९५-१०० अँपिअर ओढणार. जुन्या केबलवर सुरुवातीलाच ४३-४४ व्होल्ट पडले असते, नवीवर १२. चालू असताना चारेक व्होल्ट, एक टक्का. परवानगी पाच टक्क्यांची आहे.

दुकानदार व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) घ्या म्हणून मागे लागला. सॉफ्ट स्टार्ट, वेग कमीजास्त, सगळं खरं. पण ड्राइव्हच्या फिल्टरमधून मुळातच थोडा करंट अर्थकडे गळतो, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. शिवाय बिघाड झाला तर त्यातून सपाट डीसी येऊ शकतो आणि साधा आरसीसीबी त्याला आंधळा असतो, टाइप बी लागतो. तो घ्यायची अण्णांची तयारी नाही आणि खाऱ्या हवेत ते इलेक्ट्रॉनिक्स किती टिकेल याची माझी खात्री नाही. म्हणून दोन कॉन्टॅक्टर (बटणाने चालणारे मोठे स्विच), फॉरवर्ड-रिव्हर्स, मधे दोन्ही एकदम लागू न देणारा मेकॅनिकल इंटरलॉक. बिघडलं तर गावातला पोरगाही उघडून बघू शकेल.

आरसीसीबी दोन: मेनला ३०० मिलिअँपिअर, वेळ घेऊन पडणारा एस टाइप, आणि विंचला चार पोलचा ३० मिलिअँपिअर. शेडमधल्या सॉकेटला वेगळा. दुकानदाराने आधी १०० चा काढून ठेवला होता, "हा त्रास देत नाय". शंभर मिलिअँपिअर आग लागू नये म्हणून असतो. छातीभर पाण्यातल्या माणसाला त्याचा उपयोग शून्य.

सगळ्यात जास्त वेळ ग्लँडवर गेला, म्हणजे केबल खोक्यात शिरते तिथे ती आवळून पाणी अडवणारं बूच. डबल कॉम्प्रेशन, पितळी, निकेल चढवलेले. साधे ग्लँड निम्म्या किमतीत होते.

७ मे

मोटर उतरवली. वायंडिंगचा मेगर (इन्सुलेशनची चाचणी) ५०० व्होल्टवर ०.८ मेगओहम. निदान एक हवा. झाकण काढून आत दोनशेचा बल्ब टाकून दोन दिवस शेकली, वर ताडपत्री. आज सकाळी मेगर ९ मेगओहम. बेअरिंग बदलले, टर्मिनल बॉक्सचं कडक झालेलं रबर बदललं, खालची पाणी जायची भोकं रंगाने बुजली होती ती मोकळी केली. धूळ-पाण्यापासून बचावाचा आयपी ५५ चा शिक्का आहे, पण बुजलेल्या भोकांचा आयपी काय.

ब्रेकबद्दल अण्णांशी दुसरं भांडण. जुन्या विंचला नुसती रॅचेटची खुट्टी होती, ती पण माणसाने टाकायची. मी वीज गेली की स्प्रिंगने आपोआप आवळणारा ब्रेक सांगितला. आरसीसीबी लावतोय म्हणजे कधीतरी तो बोट अर्ध्यावर असताना पडणार, तेव्हा बोट कोण धरणार? यावर चाचाच म्हणाले, घ्या ओ अण्णा, बोट गेली तर दहा ब्रेक येतील. घेतला.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

केबल टाकली. चर नवा, खालून-वरून वाळू, वर विटा, उतारापाशी एचडीपीई पाइप. जीआयचा पाइप इथे दोन पावसाळ्यांत चाळण होतो. मधे एकही जोड नाही. मदतनीस पोराला ८५ मीटर खांद्यावरून ओढताना हे फार आवडलं नाही.

अर्थिंग: मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळी कनेक्शन. हा नियम १९५६ पासूनचा आहे आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांपर्यंत चालत आलाय. नवा इलेक्ट्रोड कुठे, यावर बरीच पायपीट. खाडीच्या चिखलात रॉड ठोकला तर दोन-तीन ओहम सहज मिळतील, सगळ्यांचं तेच मत. पण उताराच्या बाजूला नको, कारण बिघाडात रॉडभोवतीच्या पाण्यात व्होल्टेज पसरतं आणि माणसं तिथेच उभी असतात. पलीकडे कांदळवन, तिथे कुदळ लावायचीच नाही. शेवटी मोरीचं पाणी जिरतं त्या माडांच्या आळ्यात दोन इलेक्ट्रोड. दोन्ही मिळून ९ ओहम. उन्हाळ्याच्या टोकाला नऊ म्हणजे बरंच झालं.

रूळ, विंचचा सांगाडा, लोखंडी शिडी, सगळं तांब्याच्या पट्टीने एकमेकांना बांधलं. हात एकावर आणि पाय दुसऱ्यावर असला तरी दोन्ही एकाच व्होल्टेजला राहावेत म्हणून. बोल्ट ३१६ स्टेनलेस, वर पेट्रोलियम जेलीचा थर.

विंचशेजारी कुलूप लावता येईल असा आयसोलेटर, म्हणजे दुरुस्तीआधी वीज तोडायचा स्विच. बटणं २४ व्होल्टची, लाल मशरूम बटण ऑपरेटरच्या उजव्या हाताला, उभं राहिल्यावर गाडा दिसेल अशा जागी. आधीची बटणं भिंतीकडे तोंड करून होती. विंच चालवणारा दुसऱ्याच्या हाकेवर चालवायचा.

१५ मे

पहिली चाचणी. आरसीसीबी वर केला, मोटर कपलिंग सोडून फिरवली, दिशा बरोबर. मदतनीसाने शेडमधला दिवा लावला आणि फट्. परत वर केला, राहिला. दिवा लावला, फट्.

तासभर लागला. दिव्याचा फेज नव्या पॅनलमधून, म्हणजे आरसीसीबीच्या पुढून, पण न्यूट्रल जुन्या वायरने थेट ऑफिसच्या बोर्डावरून. गेलेला करंट परत येताना आरसीसीबीला चुकवून जात होता, त्याच्या हिशोबी तो गळलाच. जुनी वायर छतावरच्या पत्र्यामागून गेली होती, दिसत नव्हती. उपटून फेकली.

टेस्टरने आरसीसीबी: ३० मिलिअँपिअरला २४ मिलिसेकंद, पाचपटीला ११. चालू मोटरचा स्वाभाविक गळका करंट चार मिलिअँपिअरच्या आत. गाडा ते चिखल, एक किलोओहम लावून: शून्य पूर्णांक काहीतरी. त्या खलाशाला बोलावून मीटर दाखवला. त्याने मीटर बघितला नाही, सरळ वायररोपला हात लावला.

चाचणी अहवाल परवान्यावर सही करून अण्णांना दिला.

२३ मे

हवामान खात्याचा इशारा, अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा, कोकण किनाऱ्यालगत. तीन दिवस पाऊस कोसळतोय, मे महिन्यात. एक तारखेची वाट कोण बघणार? सगळ्यांनाच बोटी आजच वर हव्यात. यार्डबाहेर खाडीत अकरा बोटी रांगेत.

सकाळच्या भरतीला तीन घेतल्या, चौथी अर्ध्या उतारावर असताना फट्. विंच थांबली. ब्रेक खाडकन बसला, गाडा हातभरही सरकला नाही. मी पाऊण तासाच्या अंतरावर होतो, फोन आला. फोनवर मागून आवाज: "डायरेक्ट कर रे, डायरेक्ट कर!" म्हणजे आरसीसीबीला बगल द्या. अण्णांना म्हटलं, खुट्टी टाका, गाड्याच्या चाकांखाली ओंडके घाला, पाण्यातल्या माणसांना बाहेर घ्या आणि पॅनलला कोणी हात लावू नका. पोचेपर्यंत मला खात्री नव्हती की ऐकतील. चाचा पॅनलसमोर खुर्ची टाकून छत्री घेऊन बसले होते.

एकेक भाग सोडून मेगर केला. मोटर ठीक, केबल ठीक. ब्रेक कॉइलच्या छोट्या खोक्यात चमचाभर पाणी. ग्लँड हाताने फिरला. माझाच. बारा तारखेला संध्याकाळी घाईत मोटरचा पाना लावून ब्रेकचा तसाच हातघट्ट ठेवून दिला, "उद्या बघू" म्हणून. वहीत त्या दिवशी तशी खूणही नाही. मोठे ग्लँड डबल कॉम्प्रेशनचे घेतले आणि गळलं ते लहान.

पुसलं, कापसाने कोरडं केलं, पोराने भात्याने वारा घातला, पाऊण तासात ०.१ वरून ३ मेगओहम. नवा ग्लँड, पान्याने. खोकं उलटं बसवलं, केबल खालून येईल असं. विंच चालू, चौथी बोट वर. तोवर ओहोटी लागली होती, उरलेल्या सात बोटी रात्रीच्या भरतीला. त्या घेतल्या.

अण्णा चिडलेले होते. "तुझ्या त्या मशिनने दीड तास खाल्ला." ग्लँड माझा होता हे सांगितलं. त्यावर काही बोलले नाहीत, चहा मात्र आला.

२४ मे

दुपारी तो पट्टा रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून किनाऱ्यावर आला, म्हणजे जवळपास आमच्या डोक्यावरून. वीज सकाळीच गेली. पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत.

२६ मे

पाऊस मुंबईत पोचला म्हणे, गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतका लवकर नाही. इथे खाडी जांभ्याच्या रंगाची झालीय. बोटाने पाणी जिभेला लावून बघितलं, मचूळ.

सगळे ग्लँड पान्याने तपासले, एकूण चौदा. दोन अजून अर्धा फेरा बसले. ते लिहून ठेवतो, कोणते: पेंडंटचा (बटणांच्या लोंबत्या खोक्याचा) आणि शेडच्या दिव्याचा.

शेडमधल्या सॉकेटचा आरसीसीबी तेवीसच्या रात्री पडला होता, विंच चालूच राहिली. कोणीतरी ग्राइंडरची वायर डबक्यातून नेली होती. सॉकेटला वेगळा घेतला होता तो यासाठी.

राहिलेलं: पॅनलच्या दारावर खडूने महिन्याचा तक्ता, आरसीसीबीचं टेस्ट बटण दर एक तारखेला दाबून सही. पहिली सही चाचांची, आजच केली, एक तारखेची वाट न बघता. पहिली बोट खाली सोडण्याआधी आणि नारळी पौर्णिमेआधी परत मेगर. बोटींचं जस्त पुढच्या मेमध्ये. बिलाचा दुसरा हप्ता बाकी.